पट्टे पाडा, चिठ्ठी टाका, मग वाण निवडा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



२००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. तेव्हापासून दुकानात पाकिटांची गर्दी आहे. कोणते घ्यावे याचा निकाल दुकानदार लावतो, नाहीतर सडकेच्या कडेचा प्रात्यक्षिकाचा प्लॉट लावतो. पाकीट चुकले तर भुर्दंड मात्र आपल्याला. कोरडवाहू शेतकऱ्याला हंगामात एकच डाव मिळतो. म्हणून हा निकाल आपला आपण लावायला शिकले पाहिजे.

सडकेच्या प्लॉटमध्ये काय असते? एका वावरात नवे वाण, शेजारच्यात जुने. नवे जास्त पिकले. पण नव्याला खोल काळी जमीन मिळाली आणि जुन्याला बरड, तर हा मुकाबला वाणांचा झाला का? तो जमिनींचा झाला.

याची खात्री गावात करून घ्या. एकाच शेतकऱ्याचे, एका वाणाचे, एकाच दिवशी पेरलेले ज्वारीचे वावर घ्या. कापणीला दोरीने सारख्या मापाचे आठ तुकडे आखा. पाच-पाच जणांच्या टोळ्या करा. प्रत्येक टोळीने आपला तुकडा कापायचा, मळायचा, तोलायचा. वाण एक, खत एक, पाऊस एक, तरी आठ तोल सारखे येणार नाहीत. जमीन स्वतःच एवढा फरक पाडते. जो फरक याहून मोठा नाही, त्याला वाणाचा गुण म्हणायचे नाही.

दुसरे काम पेरणीचे. उताराला आडवे चार पट्टे पाडा, म्हणजे एका पट्ट्यातली जमीन साधारण एकसारखी राहील. प्रत्येक पट्ट्यात दोन-दोन गुंठ्यांचे दोन तुकडे करा, एकात जुने, एकात नवे. कोणते कुठे, हे लहान पोराच्या हाताने चिठ्ठी काढून ठरवा. आपण ठरवले, तर हात आपोआप आवडत्या वाणाला चांगली जागा देतो. खत, फवारणी, डवरणी दोघांना सारखी.

आता प्रत्येकाने खिशातले नाणे काढा आणि चार वेळा उडवा. चारही वेळा छापा पडला त्यांनी हात वर करा. सोळा जणांत सरासरी एकाचा हात वर येतो. त्याच्या अंगात काही कसब आहे का? नाही, नशीब आहे. एका प्लॉटवर नवे वाण जिंकले, म्हणजे नाणे एकदा छाप्यावर पडले. ते तर अर्ध्या मांडवाला जमते. चारही पट्ट्यांत जिंकले, तर नशिबाचा वाटा सोळात एक. सहा पट्टे केले, तर चौसष्टात एक.

हा नुसता कौल झाला. आता तोल पाहू. समजा, कापसाचे वजन किलोत असे आले:

पहिला पट्टा: जुने २४, नवे २७
दुसरा: जुने २०, नवे २२
तिसरा: जुने १७, नवे २१
चौथा: जुने १५, नवे १८

सगळ्यांची सरासरी २०.५. प्रत्येक तोल सरासरीपासून किती दूर ते काढा, त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा, आठांची बेरीज करा. ती येते १०६. आता या १०६ ची वाटणी. आठही जागी त्या त्या पट्ट्याची सरासरी धरून हाच हिशेब केला, तर ८७ येतात. तो जमिनीचा वाटा. वाणांची सरासरी धरून केला, तर १८. तो वाणाचा वाटा. उरला १, तो किरकोळ गोष्टींचा. चार पट्ट्यांतले चार फरक, त्यातला एक सरासरीत खर्ची पडला, म्हणून उरलेल्या १ ला ३ ने भागायचे. वाणाचे १८ त्याच्या ५४ पट आहेत. कोष्टक म्हणते, एवढ्या पट्ट्यांना दहा पटीच्या थोडे वर असले तरी पुरे. इथे फरक खरा आहे.

पट्टे पाडलेच नसते, तर जमिनीचे ८७ या किरकोळीत मिसळले असते आणि खरा फरकही दिसला नसता. हिशेब तेच, आकडे तेच, फक्त आखणी चुकली!

हे शास्त्र शेतातूनच आले आहे. इंग्लंडात रोथॅमस्टेडला १८४३ पासून पिकांवर प्रयोग चालू होते. तिथे १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर आले. पट्टे, चिठ्ठी आणि वाटणीचा हा हिशेब त्यांनी बांधून दिला. आपल्याकडे इंदूरला कापसावर काम केलेले वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी १९५४ साली शेती संशोधकांसाठी यावर ग्रंथ लिहिला. पुस्तक संशोधकांचे असेल, पण पट्टे पाडायला पदवी लागत नाही. दोरी, तराजू आणि चार विश्वासू शेजारी लागतात.

दोन गोष्टी विसरू नका. एक, एका सालाच्या पावसावर वाण ठरत नाही. हाच प्रयोग पाच गावांत करा, पुढच्या सालीही करा. दोन, वर दिलेला तीन किलोंचा फरक एकरी साठ किलो होतो. त्याच्या भावातून जादा बियाण्याचा, फवारणीचा, वेचणीचा खर्च वजा करा. उरले तरच वाण चांगले.

येत्या हंगामात प्रत्येक गावाने सोळा गुंठे या कामाला द्यावेत. चिठ्ठ्या सर्वांसमोर काढा, तोल वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीला वही घेऊन या. मग पाकिटावरच्या चित्राला काय विचारायचे ते आपल्याला माहीत असेल: किती पट्टे पाडले होते?