रोग्याची सोंपवणूक



साधा क्षयरोग सहा महिन्यांच्या नियमित औषधांनीं बहुधा बरा होतो, आणि तीं औषधें सरकार फुकट देतें. मग आमच्या जालना जिल्ह्यांतील रोगी वाटेंतच कां गळतो? ऊसतोडीचा हंगाम येतांच अंबड-घनसावंगीकडील कुटुंबें परजिल्ह्यांत जातात. गांवच्या आशाताईंची दृष्टि तेथें पोंचत नाहीं, औषध खंडतें आणि रोगजंतु निर्ढावतात.

सन २०२२ पासून 'निक्षय मित्र' या नात्यानें व्यक्तींस व संस्थांस रोग्याच्या संमतीनें पोषक शिधा देतां येतो. तो आपण देऊंच. परंतु गाडी हलण्यापूर्वीं त्याची नोंद नव्या ठिकाणच्या आरोग्यकेंद्राकडे गेली कीं नाहीं, हें विचारणें अधिक अगत्याचें. दयाळू शोमरोन्यानें जखमी मनुष्यास उतारशाळेच्या रक्षकाहातीं सोंपविलें, आणि परत येण्याचें वचनही दिलें. आपणही तसेंच सोंपवूं, तसेंच परतूं.