पिरिडिनचे वलय आणि मद्रासचा प्रयोग



बेंझिनचा षट्कोन शाळेच्या वहीत प्रत्येकाने काढलेला असतो. त्यातील एक कार्बन त्याच्या हायड्रोजनासह वगळून तेथे नायट्रोजनचा अणू मांडला, की पिरिडिनचे सूत्र सिद्ध होते. एवढ्याशा बदलाने पदार्थाचा स्वभाव पालटतो. बेंझिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पिरिडिन मात्र पूर्णपणे मिसळते. नायट्रोजनपाशी इलेक्ट्रॉनांची एक जोडी वलयाच्या सामायिक व्यवहारात न गुंतता मोकळी राहते. तीच पाण्याशी बंध जोडते आणि आम्लातील प्रोटॉन स्वीकारते; म्हणून पिरिडिन हे सौम्य आम्लारी ठरते. अशा संयुगांना ‘ॲरोमॅटिक’, म्हणजे सुगंधी, म्हणण्याची रूढी आहे. परंतु पिरिडिनचा वास उग्र व नकोसा असतो. येथे त्या शब्दाचा अर्थ गंधाशी नसून, वलयभर फिरणाऱ्या सहा इलेक्ट्रॉनांनी दिलेल्या स्थैर्याशी आहे.

या वलयात नायट्रोजनच्या अगदी समोरच्या कार्बनाला हायड्राझाइड गट जोडला, की आयसोनायाझिड मिळते. 1912 साली प्राग येथे मेयर व माली यांनी ते प्रथम तयार केले. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे ते दुर्लक्षित राहिले. 1951-52 मध्ये अमेरिका व जर्मनीतील तीन प्रयोगशाळांना त्याचा क्षयजंतूंवरील प्रभाव स्वतंत्रपणे आढळला. जंतूच्या शरीरात शिरल्यावर त्याचेच एक विकर या औषधाला सक्रिय करते आणि मग जंतूची मेणचट भित्तिका घडणे थांबते. तोच गट वलयात शेजारच्या जागी सरकवला, तर औषधाचा प्रभाव फारच क्षीण होतो.

त्या काळी क्षय म्हणजे घरापासून ताटातूट. मराठी घरांत ‘मिरजेला नेले’ एवढे म्हटले, तरी ऐकणाऱ्याच्या मनात वानलेसवाडीचे आरोग्यधाम उभे राहत असे. पण रुग्ण असंख्य आणि खाटा मोजक्या. जॉर्ज टाउनसारख्या दाट वस्तीत एका खोलीत सारे कुटुंब राहत असताना रुग्णाला घरी ठेवावे तरी कसे, हा प्रश्न होता.

त्याचे उत्तर याच शहरात शोधले गेले. 1956 साली चेटपेट येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता, डॉ. वॉलेस फॉक्स त्याचे नेतृत्व करीत होते. शहरातील गरीब रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्या तशा निःपक्ष रीतीने पाडण्यात आले. एक गट आरोग्यधामात, दुसरा घरी. औषधे तीच, आयसोनायाझिड व पास. घरच्यांना आहार निकृष्ट, विश्रांती कमी. औषध खरोखर घेतले जाते की नाही, हे पाहण्यासाठी कर्मचारी न कळवता घरी जात आणि मूत्राची तपासणी करीत. 1959 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वर्षअखेर आरोग्यधामातील 92 टक्के आणि घरचे 86 टक्के रुग्ण जंतूंच्या दृष्टीने शांत झाले होते. घरी राहिलेल्यांमुळे कुटुंबीयांना अधिक संसर्ग झाला नाही, हेही पुढील पाहणीत दिसले. कारण संसर्गाचा मुख्य धोका उपचारापूर्वीचाच असतो. जगभरची क्षयोपचाराची रीत या प्रयोगाने बदलली.

या औषधाला दुसरी बाजूही आहे. त्याच्यामुळे शरीरातील ब-6 जीवनसत्त्व घटते आणि हातापायांना मुंग्या येतात. ब-6 चा गाभाही पिरिडिनचेच वलय! त्याची गोळी सोबत दिली की हा त्रास टळतो.

आजही आयसोनायाझिड क्षयोपचाराचा एक आधार आहे. तरीही विवाह मोडेल, शेजारी बोलतील, या भयाने अनेक घरांत आजार लपवला जातो. बरे वाटताच गोळ्या बंद होतात आणि उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला तपासून घेणे आणि उपचार अखेरपर्यंत पुरा करणे, हे कोणत्याही कुटुंबाला शक्य आहे. दाटीवाटीच्या साध्या घरांतही हा रोग बरा होतो, हे या शहरातील गरिबांनीच जगाला सिद्ध करून दिले आहे.