बर्फाच्या पोटातला ताप



ऐन वैशाखात बर्फावर बोलणाऱ्या वक्त्याला श्रोते थोडी सूट देतात, असा आमचा अंदाज आहे. चालकांनी आम्हांला कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलायला सुचवले होते. त्यावर आम्ही वर्षभर गेटसभांतून बोलतच असतो. म्हणून आज हिमनदी मागून घेतली. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमची शाळा सातवीला सुटली आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत व सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा जे सांगू ते वाचून आणि जाणत्यांना विचारून घेतलेले आहे.

हा विषय आमच्या मागे लागला तो ७ फेब्रुवारी २०२१ रोजी. त्या दिवशी उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात डोंगराचा कडा कोसळला, नदीला लोंढा आला आणि दोनशेहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. त्यांतली बरीचशी माणसे विजेच्या प्रकल्पांवर काम करणारी होती. त्याबद्दल पुढे बोलू. आधी बर्फ म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे.

बर्फ म्हणजे शून्य अंश, अशी आपली शाळेपासूनची समजूत असते. वास्तविक शून्य हे बर्फ वितळण्याचे तापमान. बर्फ त्याहून पाच, दहा, तीस अंशांनीही थंड असू शकतो. हिमनद्यांतही असे दोन प्रकार आहेत. एक शून्याच्या बराच खाली असलेला थंड बर्फ. दुसरा वितळण्याच्या अगदी काठावर बसलेला, ज्याच्या कणाकणांमध्ये थोडे पाणीही असते. दिसायला दोन्ही पांढरेच. वागणूक मात्र अगदी निराळी.

ही वागणूक ज्यांना पाहायची असेल त्यांनी बर्फाच्या कारखान्यात जावे. तिथल्या कामगारांची संघटना आम्ही काही वर्षे चालवली आहे. पत्र्याच्या उंच डब्यांत पाणी भरून ते डबे मिठाच्या थंडगार पाण्यात सोडतात. मिठाचे पाणी शून्याखाली गेले तरी गोठत नाही, डब्यातले गोठते. लादी तयार झाल्यावर डबा उपडा केला तरी ती बाहेर येत नाही, पत्र्याला घट्ट धरून राहते. मग डबा साध्या पाण्याच्या हौदात थोडा वेळ बुडवतात. पत्र्याला लागून असलेला बर्फ कागदाइतका वितळतो, आणि एका माणसाला न उचलणारी लादी सुळकन घसरून बाहेर पडते. लादी काही वितळली नाही, फक्त तिची पकड सुटली. हिमनदीचा डबा म्हणजे खालचा खडक. तळाचा बर्फ शून्याखाली असेल तर तो खडकाला चिकटून असतो. तळ शून्यावर आला की मध्ये पाणी येते आणि सगळा भार सरकू लागतो. हवामान बदलाच्या चर्चेत बर्फ किती वितळला हे आपण ऐकतो. पकड किती राहिली हे कोणी सांगत नाही, कारण ते वरून दिसत नाही. त्यासाठी बर्फाच्या पोटात तापमापक घालावा लागतो.

हा उद्योग जुना आहे. लुई अगासी हा स्विस शास्त्रज्ञ १८४० च्या सुमारास आल्प्समधील उंटरआर हिमनदीवर एका प्रचंड शिळेच्या आडोशाला बिऱ्हाड करून राहिला. लोखंडी पहारींनी त्याच्या माणसांनी बर्फात साठेक मीटर खोल भोक पाडले आणि त्यात तापमापक सोडले. पहार मारणारे हात कोणाचे होते, हा प्रश्न आमच्यासारख्याला पडतोच. पण पुस्तकात नाव अगासीचे आहे.

आता नेपाळात येऊ. एव्हरेस्टच्या पायथ्याशी खुंबू नावाची हिमनदी आहे. तिच्या खालच्या भागावर दगडधोंड्यांची जाड रास पसरली आहे. बर्फवाला लादीवर भुसा टाकतो तशीच म्हणा. या नदीवर २०१७ आणि २०१८ या दोन हंगामांत ब्रिटनमधील ॲबरिस्टविथ व लीड्स या विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी काम केले. केटी माइल्स, ब्रिन हबर्ड आणि डंकन क्विन्सी ही त्यांतली प्रमुख नावे. त्यांनी ४९०० ते ५२०० मीटर उंचीवर एकूण २७ भोके पाडली. सर्वांत लांब भोक १९२ मीटरांचे होते. त्यांचे हत्यार ऐकून आमच्या गॅरेजमधल्या मंडळींना आनंद होईल. मोटारी धुण्याच्या केंद्रावर जोराने पाणी मारणारे यंत्र असते ना, तेच थोडे फेरफार करून वापरले होते. पाणी तापवायचे, दाबाने नळीतून सोडायचे, आणि नळीच्या तोंडाशी बर्फ वितळत जाईल तशी ती खाली सोडत जायची.

सांगायला सोपे आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. माणसाला दम लागतो तसाच यंत्रालाही लागतो. इंधन नीट जळत नाही, पाणी हवे तेवढे तापत नाही. यंत्राचा प्रत्येक भाग लहान हेलिकॉप्टरखाली टांगून नेता येईल एवढाच असायला हवा. उतरवल्यावर तो ठेवायचा कुठे? सगळीकडे हलते दगड. आणि बर्फाच्या आतही दगड असतात. गरम पाणी बर्फ वितळवते, दगड नाही. दगड आडवा आला की काम रखडते किंवा भोक वाकडे जाते. मग दुसरीकडे पुन्हा आरंभ. तुकड्यावर काम करणाऱ्या माणसाला ही निराशा वेगळी समजावून सांगायला नको.

भोक पूर्ण झाले की त्यात तार सोडतात. तारेवर ठरावीक अंतरावर थर्मिस्टर नावाचे मण्याएवढे तुकडे असतात. तापमान बदलले की त्यांचा विजेला होणारा विरोध बदलतो आणि तो मोजून अंश काढता येतात. सोनाराने काटा तपासावा तसे ते आधी बर्फ-पाण्याच्या मिश्रणात शून्यावर तपासून घ्यावे लागतात. त्यानंतरची गोष्ट आम्हांला फार आवडली: लगेच आकडा घेतला तर तो खोटा येतो. आपणच गरम पाणी ओतून बर्फ तापवलेला असतो. भोक पुन्हा गोठून आपण केलेली ढवळाढवळ विरून जाईपर्यंत थांबावे लागते. यंत्र तिथेच ठेवून नोंदी करू द्याव्या लागतात. संप मिटला त्याच संध्याकाळी कारखान्यात जाऊन ‘सगळे कसे काय?’ असे विचारणाऱ्या साहेबाला खरे उत्तर मिळत नसते, तसेच हे.

खुंबूच्या पोटातून काय निघाले? मोजलेल्यांतला सर्वांत थंड बर्फ शून्याखाली ३.३ अंश. एवढ्या उंचीवर, एवढ्या थंडीत, फक्त ३.३! तिथल्या हवेच्या वर्षभराच्या सरासरीपेक्षा हा सर्वांत थंड बर्फही दोन अंशांनी उबदार निघाला. हिमनदीच्या खालच्या भागातील सुमारे ५६ टक्के बर्फ वितळणबिंदूवरच असावा, आणि उरलेल्यातला बराचसा त्या बिंदूपासून एका अंशाच्याही आत, असे त्यांचे अनुमान २०१८ साली प्रसिद्ध झाले. याच खुंबूचे पाणी दूधकोसीला मिळते, दूधकोसी कोसीला, कोसी बिहारातून गंगेला. आपल्या औद्योगिक वसाहतींत त्या कोसीकाठची पुष्कळ मुले कामाला आहेत. त्यांच्या घरची शेते त्या पाण्याला बांधलेली आहेत.

बर्फ हवेपेक्षा उबदार कसा, हे विचारायला हवे. याचे मोठे कारण पाणी. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. तेच पाणी पुन्हा गोठले की ८० कॅलरी परत करते, आणि ती आजूबाजूच्या बर्फाला मिळते. एक ग्रॅम बर्फ एका अंशाने तापवायला अर्धी कॅलरी पुरते. म्हणजे वरचे एक ग्रॅम पाणी आत झिरपून गोठले, तर १६० ग्रॅम बर्फ एका अंशाने तापतो. उन्हाळ्यात डोंगरमाथ्यावर थोडेसे पाणी झाले तरी ते ऊब घेऊन आत शिरते. फ्रान्समध्ये माँ ब्लाँ पर्वतावर ४२५० मीटर उंचीच्या खिंडीत १९९४ आणि २००५ साली अशीच खोल भोके पाडून तापमाने घेतली. अवघ्या अकरा वर्षांत वरच्या साठ मीटरांत एक ते दीड अंशाची वाढ दिसली.

हाच हिशेब आणखी एक गोष्ट सांगतो. शून्याखाली दहा अंश असलेल्या बर्फाजवळ थंडीची शिल्लक किती? ग्रॅममागे फक्त पाच कॅलरी. वितळायला लागतात ८०. शिल्लक अगदी थोडी, पण ती आहे तोवर लादी डब्याला धरून आहे.

पकड सुटते तेव्हा काय होते ते पश्चिम तिबेटात दिसले. अरू नावाच्या डोंगररांगेत १७ जुलै २०१६ रोजी एका हिमनदीचा खालचा भाग तुटून पठारावर धावत आला. जवळजवळ सात कोटी घनमीटर बर्फ! नऊ गुराखी आणि त्यांची शेकडो जनावरे गाडली गेली. सप्टेंबरात शेजारची हिमनदी तशीच आली. उतार काही कड्यासारखा नव्हता. शास्त्रज्ञांनी नंतर गणित करून दाखवले ते असे: कडेचा आणि तोंडाचा बर्फ खडकाला गोठलेला होता, आतला मात्र शून्यावर आलेला, पाण्याने भिजलेला, आणि खाली भुसभुशीत गाळ. कडा धरून होत्या तोवर सगळे उभे होते. त्या गुराख्यांच्या माथ्यावर तापमापक कोणीही लावला नव्हता.

आता चमोली. रोंटी शिखराच्या उतारावरून सुटलेला ढिगारा सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटरांचा होता. त्यात चार भाग खडक आणि एक भाग बर्फ. म्हणून सगळा दोष बर्फाच्या माथी मारणे बरोबर नाही. पण तो एक भाग बर्फ पडता पडता घर्षणाच्या उष्णतेने जवळजवळ पूर्ण वितळला, आणि दगडांच्या राशीचा चिखलाचा लोंढा झाला. तो ऋषिगंगा प्रकल्पावरून तपोवनच्या बांधकामावर गेला. एका बोगद्यातून त्याच दिवशी बारा कामगार जिवंत काढले. दुसऱ्यातले बहुतेक गेले. बाहेरचे लोक ‘निघा, निघा’ म्हणून ओरडत होते, असे वाचलेल्यांनी सांगितले. कडा कोसळल्याची नोंद भूकंपमापकांत झालेली होती. पण बोगद्यात काम करणाऱ्याला भोंगा नव्हता, त्याला माणसाचा आवाज ऐकावा लागला. इथे सभागृहात गिरणीचा भोंगा ऐकलेली माणसे बसली आहेत. पाळीला दोन मिनिटे उशीर झाला तर कळावे म्हणून आपल्याकडे भोंगे होते!

‘मोजून तरी काय उपयोग?’ असे आमचे एक सहकारी विचारतात. त्यांना आम्ही सँ-जर्वे गावाची हकीकत सांगतो. हे फ्रान्समधील गाव माँ ब्लाँच्या पायथ्याशी आहे. वर सुमारे ३२०० मीटर उंचीवर तेत-रूस नावाची छोटी हिमनदी आहे. १८९२ च्या जुलैत एका रात्री तिच्या पोटात साठलेले पाणी फुटले आणि १७५ माणसे मेली. त्यानंतर पाणी वाहून जावे म्हणून बर्फात बोगदा खणला आणि तो शंभर वर्षे राखला. २००७ साली सरकारी अधिकाऱ्यांनी शास्त्रज्ञांना विचारले की, या बोगद्यावर अजून खर्च करण्याची गरज आहे काय? म्हणजे प्रश्न पैसे वाचवण्याचा होता. शास्त्रज्ञांनी उपकरणे लावली, भोके पाडली, आणि उत्तर उलटेच आले: बर्फाखाली सुमारे ५५ हजार घनमीटर पाणी दाबाखाली कोंडलेले आहे, आणि खाली तीन हजार माणसे धोक्यात आहेत.

ते कोंडले कसे? याचे उत्तर तापमानानेच दिले. वरच्या भागात हिमाचा जाड थर असतो, त्यात पाणी झिरपून गोठते, म्हणून तो भाग उबदार, शून्याजवळ. खालच्या तोंडाशी हिम पातळ. हिम म्हणजे बर्फावरची गोधडीच, ती पातळ असेल तर हिवाळ्याची थंडी थेट आत शिरते. म्हणून तोंडाचा बर्फ थंड, खडकाला गोठलेला. वरून पाणी येते, खाली बूच बसलेले. हिमवर्षाव कमी झाला तर हे बूच अधिकच थंड होते. हवा तापत असताना बर्फाचा एखादा भाग गार होऊ शकतो, हे आमच्यासारख्याला चार वेळा वाचल्यावर पटले.

त्या वर्षी, २०१० च्या ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत, डोंगरावर पंप लावून बहुतेक पाणी उपसून काढले. गावात भोंगे बसवले, भोंगा झाला की कोणी कुठे जमायचे ते ठरवून दिले. खर्च झाला, कुरबुरही झाली असेल. माणूस एकही गेला नाही. पोकळी मात्र पुन्हा भरत गेली, आणि २०११ साली व २०१२ साली तेच पंप पुन्हा वर चढवावे लागले.