बंदी आणि भोंगा

मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने ३ एप्रिल २०१९ रोजी टिकटॉकचे डाउनलोड रोखण्याचे निर्देश सरकारला दिले. अश्लील मजकूर आणि मुलांची सुरक्षितता ही त्यामागची चिंता होती. गूगल आणि ॲपल यांनी ते ॲप आपल्या यादीतून काढले; मात्र ज्या फोनांत ते आधीच शिरले होते, तेथे चालूच राहिले. २४ एप्रिलला बंदी उठली. न्यायालयाची कळकळ खरी. तिचा हात उंबरठ्याच्या आत पोहोचत नव्हता, इतकेच.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या खेड्याने २०२२ साली निराळी वाट धरली. करोनाकाळात अभ्यासासाठीच मुलांच्या हाती दिलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना. तेव्हा गावात सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला आणि ८.३० पर्यंत मोबाइल व दूरचित्रवाणी बंद ठेवण्याचे ठरले. फोनमधील पालक-नियंत्रणाची सोय वेळ मोजते, संकेतस्थळे अडवते. पण ती बसते मुलाच्याच फोनवर. वडगावचा भोंगा थोरामोठ्यांसाठीही वाजत होता, आणि खरी अवघड बाजू तीच. मालिकांची ऐन वेळही तीच असते.