शनिवारी बंद असलेला घाणा

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना घेतलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' जमतील तेवढे काढलेत, काही राहिलेत.)

आज एका कॉलपासून सुरुवात करतो. माझ्या प्रोजेक्टमध्ये इस्रायलमधली एक टीम आहे. मी रत्नागिरीतून, घरातूनच काम करतो. एक दिवस कॉल सुरू व्हायला वेळ होता आणि मागे आई कोणाला तरी ओरडून सांगत होती, "अरे, जेवून घे आधी." समोरचा मुलगा एकदम हसला आणि इंग्रजीत म्हणाला, "माझी आजी हेच म्हणायची." मला वाटलं, असं काहीतरी म्हणत असेल. तर नाही. हेच, अगदी मराठीत. त्याचं आडनाव 'कर'ने संपतं. इतके महिने ते स्क्रीनवर दिसत होतं, पण इंग्रजी स्पेलिंगमुळे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आडनाव सांगत नाही, त्याची परवानगी घेतलेली नाही. पण त्यातलं गाव रायगड जिल्ह्यात आहे आणि त्याने ते कधीच पाहिलेलं नाही.

तो डिमोनाचा. तिथे मराठी बोलणारी आजी-आजोबा मंडळी बरीच आहेत. लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा इथेही आहेत. इस्रायलमधून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलंय. हे सगळे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी.

त्याने मला एक काम सांगितलं. "अलिबागजवळ नवगाव आहे ना? तिथे आमचं स्मारक आहे म्हणतात. जमलं तर फोटो काढशील?" म्हटलं, काढतो. पण जायच्या आधी वाचायला बसलो आणि दोन महिने त्यातच गेले.

गोष्ट अशी सांगतात. फार पूर्वी एक गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. जे बुडाले त्यांना तिथेच पुरलं, ते उंचवटे अजून दाखवतात. धर्मग्रंथ पाण्यात गेले. उरलेल्यांच्या डोक्यात जेवढं होतं तेवढं शिल्लक. आमच्या फील्डमध्ये याला म्हणतात, बॅकअप नाही. सर्व्हर गेला, आता ज्याला जे आठवतंय त्यावर चालवा.

आणि त्यांनी चालवलं! हिब्रूतली एकच प्रार्थना टिकली, 'शेमा यिस्राएल'. आठव्या दिवशी मुलाची सुंता टिकली. काय खायचं आणि काय नाही, ते टिकलं. आणि शनिवार टिकला. कुलाब्याच्या गावांमध्ये ते तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, बैलही उभा. यहुदी आज्ञेत जनावरालाही सुट्टी आहे, हे मला नंतर कळलं. गावाला त्या आज्ञेशी काही देणंघेणं नव्हतं. गावाने एवढंच पाहिलं की हे तेली शनिवारी तेल काढत नाहीत, आणि नाव ठेवलं शनिवार तेली. त्याच कोकणात सोमवार तेलीही होते, म्हणजे सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली. लोकांच्या दृष्टीने फरक एवढाच, तुमची सुट्टी कुठल्या वारी.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते सणांच्या नावांचं. यहुदी नववर्ष रोश हशाना, त्याला हे म्हणायचे नव्याचा सण. योम किप्पूर म्हणजे प्रायश्चित्ताचा उपास, तो झाला दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी दार लावून घरात बसायचं. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या दिवसाचं नाव तर बिरड्याचा सण. बिरडं, आपलं वालाचं! दोन हजार वर्षांपूर्वीचं मंदिर पडल्याचं दुःख आणि वाटीत मोड आलेले, सोललेले वाल. हनुक्का मात्र त्यांच्याकडे नव्हताच. त्यावरून काहींनी हिशेब मांडला की हनुक्का सुरू होण्याआधीच, इसवी सनापूर्वी 175 च्या आसपास, हे लोक तिकडून निघाले असणार. हा हिशेब मला पटत नाही. लॉगमध्ये एखादी नोंद नाही म्हणजे ती घटना घडलीच नाही असं होत नाही, नोंद पुसलीही गेली असेल. सगळं तोंडी असताना एक सण विसरणं काही अवघड नाही.

लेखी नोंदींचं म्हणाल तर 1738 मध्ये सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याने एका पत्रात लिहिलं की सुरत आणि 'राजापूर' इथे स्वतःला बेने इस्रायल म्हणवणारे लोक आहेत, त्यांच्याकडे बायबल नाही, फक्त 'शेमा' आहे. राजापूर वाचून मी खुर्चीतून उठलोच, म्हटलं आपल्या जिल्ह्यातलं! मग शांतपणे विचार केला. या समाजात राजपूरकर आडनाव आहे आणि ते जंजिऱ्याजवळच्या राजपुरीचं. वस्तीही त्याच बाजूला होती. तेव्हा तो मान राजपुरीचाच म्हणायला हवा. रत्नागिरीकरांनो, सॉरी.

आता मुद्दा. हे वाचताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत होती. या लोकांकडे प्रत्येक काळात कोणीतरी पुरावा मागितलाय.

पहिला मागणारा डेव्हिड राहाबी. हा बाहेरून आलेला यहुदी, त्याचा काळ नक्की कुठला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण समाजात सांगतात ती गोष्ट मस्त आहे. त्याला शंका आली की हे आपलेच लोक असावेत. म्हणून त्याने बायकांना मासे रांधायला दिले, सगळे मिसळून. त्यांनी खवलं आणि पर असलेले मासे घेतले आणि बाकीचे बाजूला ठेवले, हे आम्ही खात नाही म्हणून. यहुदी नियम तोच आहे. कोकणच्या किनाऱ्यावर राहून कोलंबी नाही, कुर्ल्या नाहीत, तिसऱ्या नाहीत, मुशी नाही! मी तरी या परीक्षेत नापास झालो असतो. राहाबीने मग तीन घराण्यांतली माणसं शिकवून तयार केली, धर्मकार्य करायला. त्यांना काय म्हणायचे माहितीये? काजी.

दुसरे मागणारे बगदादी यहुदी. डेव्हिड ससून 1832 मध्ये मुंबईत आला, त्याच्या आगेमागे इराक आणि सीरियाकडचे यहुदी व्यापारी मुंबईत स्थिरावले. तोवर बेने इस्रायलही मुंबईत रुजले होते, पलटणीत होते, सुतारकाम आणि बांधकाम करत होते. त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 चं, सॅम्युअल इझिकेल दिवेकरांनी बांधलेलं. दिवेकर, म्हणजे दिवेआगरचे. मराठीत ते सामाजी हसाजी दिवेकर. मशीद स्टेशनजवळची सॅम्युअल स्ट्रीट त्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि स्टेशनच्या नावातली 'मशीद' म्हणजे हे सिनेगॉग असंही सांगतात. एवढं सगळं असून 1836 मध्ये बगदादींनी सरकारकडे अर्ज केला की दफनभूमीत मध्ये भिंत घाला. आमची थडगी एका बाजूला, यांची दुसऱ्या बाजूला.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर अप्रामाणिकपणा होईल. बेने इस्रायलांच्या आतही भिंत होती. गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल. काळे म्हणजे बिगरयहुदी आईची संतती मानलेले. त्यांच्याशी लग्न नाही, पंगत नाही. हे इथलंच शिकले, दुसरं काय. आपण अभिमानाने सांगतो की भारतात यहुद्यांना कधी छळ सोसावा लागला नाही. बेने इस्रायलांपुरतं ते खरं आहे, गावांनी त्यांच्यावर हल्ले केले नाहीत. पण गावाने त्यांना जागा दिली ती जातीच्या उतरंडीतलीच एक पायरी होती आणि तेल्याची पायरी काही वरची नव्हती.

तिसरी वेळ सगळ्यात जास्त लागली मला. 1948 मध्ये इस्रायल झालं. तेव्हा भारतात साधारण वीस हजार बेने इस्रायल होते. हळूहळू निघाले. इथून कोणी हाकललं नव्हतं, तिथे आपला देश आहे म्हणून गेले. पहिल्या काही वर्षांतच तिथल्या वागणुकीला वैतागून काहींनी धरणं धरलं, आम्हाला परत पाठवा म्हणाले, आणि 1952 मध्ये काही जण भारतात परतलेही. मग लग्नांचा प्रश्न आला. काही रब्बी इतर यहुद्यांशी यांची लग्नं लावेनात. 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बी मंडळाने सूचना काढली की बेने इस्रायल माणसाचं लग्न इतर यहुद्याशी लावताना आधी त्याच्या पूर्वजांची चौकशी करावी, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत.

जरा विचार करा. चौलजवळच्या कुठल्यातरी गावातला तेली. त्याच्या पणजीच्या आजीचा धर्म कुठल्या कागदावर असणार? कागद तर गलबताबरोबरच गेले, अशी त्यांचीच कथा आहे.

ते भांडले. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, बायकामुलांसकट. पंतप्रधान लेवी एश्कोल यांनी जाहीर केलं की सरकारच्या दृष्टीने हे सर्व अर्थांनी यहुदी आहेत. संसदेत चर्चा झाली. ऑगस्टच्या शेवटी त्या सूचनेतून 'बेने इस्रायल' हा उल्लेख काढला गेला. माझ्या कलीगची आजी तेव्हा तरुण होती. ती धरण्याला गेली होती का, असं त्याला विचारलं. म्हणाला, "माहीत नाही. त्याबद्दल ती कधी बोललीच नाही. जेवून घे एवढंच म्हणायची."

आणि आता डीएनए. 2016 मध्ये एक जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांशी नातंही दिसलं आणि भारतीय वंशही, दोन्ही भरपूर. हे मिश्रण साधारण 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचं. म्हणजे सात जोडप्यांची गोष्ट तंतोतंत जुळत नाही, पण नुसती थापही नाही. हा निकाल मी त्याला पाठवणार होतो. नाही पाठवला. त्याने फोटो मागितला होता.

तर शेवटी गेलो, बाबांना घेऊन बाईकवर. हायवे सोडून किनाऱ्याने. चार फेरीबोटी लागतात: जयगडहून तवसाळ, धोपावेहून दाभोळ, वेश्वीहून बागमांडला, दिघीहून आगरदांडा. दिवेआगरची पाटी आली तेव्हा बाबांना म्हटलं, हे त्या दिवेकरांचं गाव. बाबा म्हणाले, "आपल्याकडे दिवेकर ब्राह्मणही असतात." बरोबर आहे. गाव एक, आडनाव एक.

अलिबागला इस्रायल आळी आहे, तिथे मागेन आबोथ सिनेगॉग, 1848 मध्ये स्थापन झालेलं. नवगाव तिथून पुढे, किहीमच्या बाजूला. याच किहीमवरून केहिमकर. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी समाजाचा पहिला मोठा इतिहास 1897 मध्ये लिहून ठेवला होता. छापून आला 1937 मध्ये, ते वारल्यावर जवळपास तीस वर्षांनी.

स्मारक म्हणजे एक स्तंभ आणि जुनं दफनस्थान. गर्दी नाही, तिकीट नाही. मी पाचसहा फोटो काढले, बाबा चप्पल काढून उभे राहिले. का काढली ते त्यांनाही सांगता आलं नाही.

फोटो पाठवले. शुक्रवार संध्याकाळ होती, म्हणजे त्याचा शब्बाथ सुरू झालेला. शनिवारी रात्री रिप्लाय आला. थँक्यू वगैरे नंतर, पहिला प्रश्न: "तिथून समुद्र दिसतो का?"

पुढच्या खेपेला व्हिडिओ काढून आणतो म्हटलंय.