उपाहारगृहांतील बक्षिसी

आपल्या जुन्या रीतींत जेवणाऱ्यानें वाढणाऱ्यास पैसा द्यावयाचा नसे. उलट, भोजन आटोपल्यावर यजमानच पाहुण्याच्या हातावर दक्षिणा ठेवी आणि वर विडा देई. जेवल्याबद्दल दक्षिणा घेणारे आपण खाणावळींच्या काळांत जेवणाचे पैसे देऊं लागलों. ते दिल्यावर वाढणाऱ्यासहि कांहीं द्यावें, ही तर त्याहून अलीकडची गोष्ट. त्यामुळेंच कीं काय, बडीशेपेच्या बशींत नाणें टाकतांना आपला हात अजून अडखळतो. किती टाकावें? कमी टाकलें तर तो पोरगा मनांत काय म्हणेल?

या देण्यासाठीं भाषेंत शब्दांची वाण नाहीं. इनाम हा शब्द अरबींतून आला, बक्षीस फारसींतून. आणि ज्या फारसी धातूपासून तो निघाला त्याचा अर्थ देणें असा आहे, तसाच क्षमा करणें असाहि आहे. चहा थंड आणला तरी चार पैसे ठेवून उठणारा गिऱ्हाईक दोन्ही अर्थ एकदम साधतो म्हणावयाचा. दिवाळीची पोस्त ही जवळजवळ हक्काची. चिरीमिरी म्हटली कीं तिला लांचेचा वास येतो. इंग्रजी ‘टिप’ हा शब्द तत्पर सेवेची हमी मागणाऱ्या तीन शब्दांच्या आद्याक्षरांचा बनला, असें पुष्कळ लोक सांगतात. ही व्युत्पत्ति मागाहून रचलेली आहे. पण तिच्या पोटांतली समजूत मात्र पक्की बसली आहे, ती ही कीं, बक्षिसी दिली म्हणजे सेवा चांगली मिळते.

ही समजूत तपासून पाहावयास चिकलठाण्यासारखें ठिकाण नाहीं. शहर औरंगाबाद होतें तेव्हांपासून, आणि २०२३ मध्यें तें छत्रपति संभाजीनगर झाल्यावरहि, जालना रस्त्यावरच्या या भागाला दोन तोंडें आहेत. एकीकडे विमानतळ, वेरूळ-अजिंठ्याचीं लेणीं पाहावयास देशोदेशींचे प्रवासी तेथें उतरतात. दुसरीकडे औद्योगिक वसाहत; तिच्यांतले कामगार पाळी सुटली कीं चहाच्या टेबलांभोंवतीं दाटी करितात. प्रवासी एकदां जेवतो आणि जातो, तो पुन्हां त्या टेबलाशीं बसावयाचा नाहीं. कामगार रोज येतो. बक्षिसीनें सेवा विकत मिळत असती, तर वाढप्यानें रोजच्याची मर्जी सांभाळावी आणि जाणाऱ्याकडे दुर्लक्ष करावें, कारण जाणारा काय देणार तें सेवा करून झाल्यावरच कळतें. प्रत्यक्षांत मोठी नोट ठेवतो तो बहुधा जाणारा. आणि रोजचा कामगार एखादें नाणें ठेवील न ठेवील, तरी त्याच्या इडलीवर न मागतां दुसऱ्यांदा सांबार पडतें. त्या सांबाराचा हिशेब बशींतल्या नाण्याशीं कोणी घालूं शकेल काय?

अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल लिन यांनीं या विषयाचा अनेक वर्षें अभ्यास केला. सेवेचा दर्जा आणि बक्षिसीची रक्कम यांचा संबंध आहे, पण फार दुबळा आहे, असें त्यांना आढळलें. वाढप्यानें टेबलाशीं उकिडवें बसून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांशीं डोळे भिडविले तर रक्कम वाढते. सेवा तीच राहते. त्याच देशांत वॉशिंग्टन राज्यानें १९०९ सालीं बक्षिसीविरुद्ध कायदा केला होता, दुसऱ्या कांहीं राज्यांनीं त्याचें अनुकरण केलें, आणि १९२६ पर्यंत ते सारे कायदे गुंडाळले गेले. आज तेथील संघराज्याच्या कायद्यानें बक्षिसी मिळविणाऱ्या नोकरास मालकानें स्वतः द्यावयाचें किमान वेतन ताशी २ डॉलर १३ सेंट आहे, आणि तो आंकडा १९९१ पासून हललेला नाहीं. बाकीचें पोट गिऱ्हाइकानें भरावयाचें! बक्षिसी पगारांत मिसळली म्हणजे काय होतें, त्याचा हा नमुना.

आपल्याकडे न्यायालयांनीं ही गल्लत होऊं दिली नाहीं, हें मला मोठें समाधानाचें वाटतें. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७६ सालीं बक्षिसीला वेतनांत धरावयाचें नाकारलें. ती गिऱ्हाइकाची देणगी, मालकाचें देणें नव्हे. २०१६ सालीं आयकराच्या एका प्रकरणांत तेंच सूत्र पुन्हां लागूं झालें.

मालकांनीं मात्र दुसरी वाट काढली. बिलांतच ‘सेवा शुल्क’ म्हणून शेंकडा पांच, दहा असे आंकडे छापूं लागले. ४ जुलै २०२२ रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें तें आपोआप लावण्यास मनाई केली. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयांत गेल्या, मनाईला स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ रोजीं दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनीं मनाई कायम करून याचिका फेटाळल्या. त्या निकालावर अपीलहि झालें. गिऱ्हाइकानें देण्याचा निर्णय स्वतः करावा, हें त्या निकालाचें मर्म मला पटतें. सक्तीच्या पैशास बक्षिसी म्हणवत नाहीं, आणि तो वाढप्याच्या हातीं पोंचलाच, हें बिलावरून कळत नाहीं.

पण याच काळांत दुसरें एक संकट गुपचूप आलें आहे. गल्ल्यावर तो काळा-पांढरा चौकोन चिकटविलेला असतो. आपण मोबाइल धरतों आणि दोनशें सदतीस रुपये अचूक देतों. पूर्वीं अडीचशें दिल्यावर बशींत तेरा रुपये परत येत, त्यांतले दहा मागें राहत. आतां परत यावयास कांहींच उरलें नाहीं. कोणीं कंजूषपणा केला नाहीं, कोणीं कायदा केला नाहीं, आणि बशी रिकामी झाली. गांवाकडून आलेल्या, हॉटेलांतच झोपणाऱ्या, पगार घरीं धाडून वरखर्च त्या चिल्लरीवर भागविणाऱ्या पोराला हा फरक किती जाणवत असेल! मोबाइलवर रक्कम वाढवून देणारे सज्जन आहेत. पण ती वाढ मालकाच्या खात्यांत पडते, पुढें काय होतें तें त्या पोरालाहि विचारतां येत नाहीं.

म्हणून ज्याला द्यावयाचें आहे त्यानें रोखीनें, हातांत द्यावें, एवढें तरी करतां येईल. कांहीं हॉटेलांत याहून चांगली सोय असते: गल्ल्याशेजारीं एक कुलूपबंद पेटी, महिनाअखेर सर्वांसमक्ष उघडावयाची. तींत वाढप्याबरोबर भट्टीवरच्या आचाऱ्याची वांटणी असते, आणि मागच्या मोरीवर, जिचें तोंड आपण कधीं पाहिलें नाहीं, त्या भांडीं घासणाऱ्या बाईचीहि असते. पेटी नसेल तेथें तिच्यापर्यंत पैसा पोंचविण्याचा मार्ग गिऱ्हाइकास नाहीं. तो मालकानेंच काढावयास हवा.