संयुक्त आघाडीचे मंत्रिमंडळ : कोणती खाती कोणाकडे गेली?

(पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



नवे मंत्रिमंडळ शपथ घेते त्या दिवशी भांडवली वृत्तपत्रे कोणत्या प्रांताला किती मंत्री मिळाले आणि कोण रुसून बसले याच्या बातम्यांनी आपली पाने भरतात. तो हिशेब अगदीच टाकाऊ नाही. पण कष्टकरी जनतेच्या दृष्टीने पहिला प्रश्न निराळा आहे: अर्थ, उद्योग, शेती, अन्न आणि गृह ही खाती कोणत्या राजकारणाच्या हाती गेली? १९९६ साली दिल्लीत बनलेल्या संयुक्त आघाडीच्या सरकारकडे मी आज याच दृष्टीने पाहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळात कम्युनिस्ट बसण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि ते कम्युनिस्ट आपल्या पक्षाचे होते.

त्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला १६१ आणि काँग्रेसला १४० जागा मिळाल्या. वाजपेयींचे सरकार १३ दिवसांत, २८ मे रोजी, विश्वासमताला सामोरे न जाताच पायउतार झाले. उरलेल्या पक्षांत जनता दल ४६, मार्क्सवादी पक्ष ३२, तमिळ मानिला काँग्रेस २०, द्रमुक आणि समाजवादी पक्ष प्रत्येकी १७, तेलुगु देसम १६ आणि आपण १२ असे बळ होते. काँग्रेसने बाहेरून टेकू दिला तरच हे सरकार उभे राहणार होते, आणि तो टेकू काँग्रेस कधीही काढून घेऊ शकत होती. महाराष्ट्राचे काय? तेथील ४८ जागा भाजप १८, शिवसेना १५ आणि काँग्रेस १५ अशा वाटल्या गेल्या. आघाडीच्या पदरात एकही पडली नाही. मराठी मुलखातील आपल्या चळवळीची ती अवस्था आपण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे.

नेतेपदासाठी प्रथम विश्वनाथ प्रताप सिंग यांना गळ घातली गेली. त्यांनी नकार दिला. मग ज्योती बसूंचे नाव पुढे आले. मार्क्सवादी पक्षाच्या केंद्रीय समितीने ते बहुमताने नाकारले. धोरणाला निर्णायक वळण देण्याइतके बळ नसताना सरकारात जाऊ नये, ही त्यांची भूमिका. पुढे बसूंनी या निर्णयाला ऐतिहासिक घोडचूक म्हटले. अखेर कर्नाटकात २८ पैकी १६ जागा जिंकून आणणारे देवेगौडा १ जूनला पंतप्रधान झाले. आपला पक्ष त्यानंतर काही आठवड्यांनी मंत्रिमंडळात गेला. जातीय शक्तींना सत्तेपासून रोखायचे, तर त्या सरकारची जबाबदारीही उचलली पाहिजे, असा आपला युक्तिवाद होता. माझ्या मते तो बरोबर होता. चूक त्याच्या पुढच्या पायरीवर झाली.

खात्यांची वाटणी पाहा. अर्थखाते मानिला काँग्रेसच्या चिदंबरम यांच्याकडे, उद्योगखाते द्रमुकच्या मुरासोली मारन यांच्याकडे. चिदंबरम नरसिंह राव सरकारात व्यापारमंत्री होते. म्हणजे १९९१ पासून जे उदारीकरण चालले होते, त्याच्या किल्ल्या सरकार बदलूनही त्याच विचाराच्या हाती राहिल्या. फेब्रुवारी १९९७ च्या अंदाजपत्रकात वैयक्तिक प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ४० टक्क्यांवरून ३० वर आला. मक्तेदारांच्या वर्तमानपत्रांनी त्याला 'स्वप्नातले अंदाजपत्रक' म्हणून डोक्यावर घेतले. आपण मात्र धक्का बसल्याचा आव आणू नये. जून १९९६ च्या किमान समान कार्यक्रमातच वर्षाला १० अब्ज डॉलर परकीय भांडवल आणण्याचे उद्दिष्ट नमूद होते, आणि तो कार्यक्रम आपल्याला मान्य होता.

आपल्या वाट्याला दोन खाती आली. इंद्रजित गुप्त गृहमंत्री झाले, चतुरानन मिश्र कृषिमंत्री. ज्या राज्ययंत्रणेने कम्युनिस्टांना वर्षानुवर्षे तुरुंगात डांबले, तिच्या पोलीसखात्यावर आयुष्यभर कामगार चळवळीत राबलेला नेता बसला, याचे मोल कमी नाही. सहा वर्षे न भरलेली आंतरराज्य परिषद ऑक्टोबर १९९६ मध्ये भरली. पण ऑक्टोबर १९९७ मध्ये याच मंत्रिमंडळाने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. कल्याणसिंगांनी विधानसभेत विश्वासमत मिळवले होते. सभागृहात हाणामारी झाली होती हेही खरे. राष्ट्रपती नारायणन यांनी ती शिफारस फेरविचारार्थ परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने आग्रह सोडला. कलम ३५६ च्या गैरवापराविरुद्ध १९५९ च्या केरळपासून आपण लढत आलो. तेथे आपले सरकार बडतर्फ झाले होते. मग आपलाच गृहमंत्री असताना त्या शिफारशीवर आपली मोहोर का उमटावी? याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

कृषिखात्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. शेतमजुरांसाठी सर्वंकष केंद्रीय कायदा ही आपली जुनी मागणी. कृषिमंत्री आपला असूनही तो कायदा झाला नाही. उलट १९६७ चा बंगाल आठवा. तेथील संयुक्त आघाडीत जमीनखाते हरेकृष्ण कोनारांकडे होते. त्यांनी नुसत्या फायली हलवल्या नाहीत. किसान सभेचे कार्यकर्ते गावोगाव बेनामी जमिनी हुडकत होते आणि मंत्री त्यांच्या पाठीशी उभा होता. १९९६ मध्ये आपल्या मंत्र्यामागे असा किती शेतमजूर उभा होता? दोष एकट्या मंत्र्यावर टाकून भागणार नाही.

शेवटचा मुद्दा अन्नाचा, ज्याची झळ आपल्या घराघरात पोचली. सर्वांसाठी असलेली शिधावाटप व्यवस्था याच सरकारने जून १९९७ मध्ये 'लक्ष्यित' केली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला महिना १० किलो धान्य निम्म्या किमतीत, आणि उरलेल्यांना त्याहून चढ्या भावाने. गरीब कोण हे ठरवण्याचा अधिकार दाखला देणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर गेला. महाराष्ट्रात १९९९ साली पिवळी, केशरी आणि पांढरी अशी कार्डे आली. पिवळ्या कार्डासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५,००० रुपये होती. शहरात धुणीभांडी करणाऱ्या बाईचे कुटुंबही त्या रेषेबाहेर पडे. हा निर्णय मंत्रिमंडळाच्या सामुदायिक जबाबदारीत झाला, म्हणजे आपल्या दोघा मंत्र्यांचाही झाला. त्या वेळी आपल्या किती शाखांनी रेशन दुकानांवर मोर्चे नेले आणि किती शाखा 'सरकार आपलेच आहे' म्हणून गप्प राहिल्या, याची नोंद प्रत्येक शाखेने आपल्या जुन्या कागदपत्रांतून काढावी. दुपारच्या चर्चेला आपण तेथूनच सुरुवात करू.